आधी नको म्हटलेला प्रेषक

काळाचौकी
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

दादा,

सहा जुलैच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की तो मेल आलाच नाही. ते चूक होतं. मेल आला होता. ११ मार्चला, सकाळी दहा बेचाळीसला, बाबांच्या पत्त्यावर.

फोनवर सांगितलं असतं, पण तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस. वहिनीच्या फोनवर तुझ्यासाठी निरोप ठेवावा असं हे नाही. म्हणून पोस्टाने पाठवते आहे.

तुला माहीत असलेलं पुन्हा लिहिते, कारण आता मला कुठलीच गोष्ट गृहीत धरायची नाही. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीत बाबांचं नाव मूळ यादीत आलं नाही, प्रतीक्षा यादीत आलं. एकेचाळिसावं. आपल्याच मजल्यावरचे गणपतकाका बेचाळिसावे. यादीतल्या वरच्या कोणाचे कागद अपुरे निघाले की पुढच्याला बोलावणं येणार आणि त्याने तीस दिवसांत कागद घेऊन हजर व्हायचं, असा नियम. अर्जावरचा फोन नंबर बाबांचा जुना, कधीच बंद पडलेला. तेव्हा घरात वाटणी झाली. मेल मी बघायचा. दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी कार्यालयात जाऊन बोर्ड तू बघायचा. तुझी वाटणी उन्हातली होती, माझी पंख्याखालची.

पंधरा जूनला गणपतकाका घर लागल्याचे पेढे घेऊन आले. रविवार होता, सगळी गॅलरी बाहेर बसलेली. काका पेढा बाबांच्या हातात देता देता थांबले.

"कुशाबा, तुझो नंबर माझ्या आदी होतो रे. तुका बोलावणा इला नाय?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. तुझ्याकडे बघितलं.

"मार्चात बोर्ड बघूक गेललंस?"

तू म्हणालास, "मार्चमध्ये पाडव्याच्या मंडपांची कामं होती बाबा. एक महिना राहिला."

"तुका एकच काम सांगितललंय. ता पण तुझ्यान झाला नाय."

आणि मग ते माझ्याकडे वळले. आवाज लगेच खाली आला. माझ्याशी बोलताना येतो तसा.

"आणि मेल गो?"

मी म्हणाले, "मेल मी रोज बघते बाबा. काही आलेलं नाही."

तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढं एकच वाक्य आहे. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दादरच्या ऑफिसात डबा उघडायच्या आधी मी शोधलं, आणि मला ते सापडलं. त्याच आठवड्यात, बावीस जूनला, तू आणि वहिनी गावाला गेलात. तू ट्रंक दोरीने बांधत होतास आणि मी दोरीचं दुसरं टोक धरलं होतं. गाठ मारताना तू म्हणालास, "घट्ट धर, एवढं तरी येतं ना?" आणि मी धरलं. मला सहा दिवसांपासून माहीत होतं.

परवा दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्या कोणीतरी तुझी चौकशी केली. बाबा म्हणाले, त्याचं नाव काढू नका, त्याने आमचं घर घालवलं. मी चहाचे कप उचलत होते.

आज एवढंच लिहून होतंय.

मेघना


काळाचौकी
रविवार, १२ ऑक्टोबर

दादा,

मागच्या पत्रातल्या पहिल्याच ओळीत 'चूक' असं लिहिलंय. चूक माहीत नसताना होते. सहा जुलैला मला वीस दिवसांपासून माहीत होतं. तो शब्द खोडून तिथे 'खोटं' असं वाच.

आता कसं झालं ते.

बाबांचा मेलचा पत्ता मी बारावीत असताना उघडला. बाबांना इंग्रजी वाचता येत नाही, पण पत्ता त्यांनी पाठ केला. के, यू, एस, एच, ए, बी, ए, मग टिंब, मग एम, आय, डबल एल. 'डबल एल' म्हणताना त्यांचा चेहरा तुला आठवत असेल. तो पत्ता त्यांनी कुठे दिला नाही? चष्म्याच्या दुकानात, हिंदमाताच्या साड्यांच्या दुकानांत, रक्तदानाच्या फॉर्मवर, डोळ्यांच्या शिबिरात. तूही दिलास, त्या क्रिकेटच्या अ‍ॅपवर. मजल्यावरच्या लोकांनीसुद्धा दुकानांतल्या फॉर्मवर तोच लिहिला, मेघना बघेल म्हणून. बघता बघता रोज दोनशेच्या वर कचरा यायला लागला. कर्ज घ्या, केस वाढवा, आपण लॉटरी जिंकला आहात. बाबांना लग्नासाठी मुली सुचवणारे मेल आले तेव्हा तू मोठ्याने वाचून दाखवले होतेस आणि आई म्हणाली होती, "करा, करा दुसरी. ती तरी मेल वाचीत."

जानेवारीत आमच्या ऑफिसात काम आलं. आमचे मालक हर्षवर्धन सर दवाखान्यांना आणि लहान कंपन्यांना मेलची व्यवस्था लावून देतात. कुठली मेलसेवा स्पॅम सगळ्यात चांगला अडवते ते ठरवायचं होतं. तीन सेवा महिनाभर वापरून बघायच्या आणि अहवाल द्यायचा. मला ऑफिसात तेव्हा सातवा महिना होता, कायम केलेलं नव्हतं. सर म्हणाले, "चाचणीला खरा कचरा हवा. कुठून आणणार?"

मी म्हणाले, माझ्याकडे आहे.

म्हणजे बाबांची पेटी मी चाचणीला लावली. घरात कोणाला विचारलं नाही. जुन्या पेटीत येणारं सगळं तिन्ही नव्या पेट्यांकडे वळवलं आणि जुनी रिकामी होत जाईल असं करून ठेवलं. पहिली सेवा फुकट होती, पण तिच्यात जाहिराती होत्या आणि ती साड्यांच्या सेलचे मेल आत येऊ द्यायची. तिसरी महाग होती आणि जरा शंका आली तरी मेल अडवून आधी आपल्याला विचारायची. विचारून विचारून जीव नकोसा करायची. दुसरी मला आवडली. तिला पहिला आठवडा शिकवायचं असतं, हा नको, हा नको, असं. मग ती स्वतःच ओळखते, पुन्हा विचारत नाही, आणि नको असलेलं तीस दिवसांनी कायमचं पुसून टाकते. चाचणी संपताच बाकीच्या दोन पेट्या मी बंद केल्या आणि घरचे मेल रोज तिच्यातच बघायला लागले.

मी तिला शिकवलं. पानावर पन्नास मेल दिसतात. सगळ्यात वर एक चौकोन असतो, त्याच्यावर टिचकी मारली की पन्नासच्या पन्नास निवडले जातात. मी वरून खाली नजर टाकायचे, टिचकी मारायचे, 'नको' दाबायचे. बारा फेब्रुवारीला दुपारी असं मी अकरा पानं केली. त्यातल्या एका पानावर, लॉटरी जिंकलात म्हणणाऱ्या सतरा मेलांच्या मध्ये, घरांच्या कार्यालयाचा एक मेल होता. त्याचा विषय होता: सोडत, प्रतीक्षा यादीतील अर्जदारांनी आपला ईमेल वेळोवेळी तपासावा.

तो मी बाकीच्यांबरोबर नको म्हटला.

त्यानंतर त्या पत्त्यावरून आलेलं काहीही मला दिसलं नाही. अकरा मार्चचं बोलावणं त्याच्याच मागून गेलं आणि दहा एप्रिलला, मुदत संपली त्याच दिवशी, पुसलं गेलं. त्या सेवेत अडवलेल्या प्रत्येक मेलची नोंद वर्षभर राहते. मजकूर राहत नाही. तारीख, वेळ, पाठवणारा, विषय आणि कारण राहतं. सोळा जूनला मी नोंदीत कार्यालयाचं नाव टाकून शोधलं. दोन ओळी आल्या. दुसऱ्या ओळीत कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: वापरकर्त्याने आधी नको म्हटलेला प्रेषक.

अहवालात एक रकाना असतो, चुकून अडवलेले चांगले मेल किती. मी दुसऱ्या सेवेच्या पुढे शून्य लिहिलं. नोंदी उघडून न बघता. माझ्याबरोबर देविका काम करते, गिरगावातली. तिच्या घरी आजोबासुद्धा वकील होते. तिने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "शून्य कधी नसतं गं. एकदा चाळून बघ ना."

मला वाटलं ती मला शिकवतेय. घरात पहिली शिकलेली मुलगी, हिला काय बघायचं ते सांगायला लागतं, असं. मी म्हणाले, "मी बघितलंय." ती "बरं" म्हणाली आणि गेली. ती बरोबर होती. तिच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे मला लिहायला हवं.

सरांनी शून्य बघितलं आणि म्हणाले, "वा." सात एप्रिलला मला कायम केलं. बाबांनी मजल्यावर बर्फी वाटली. तेव्हा मुदतीचे तीन दिवस शिल्लक होते.

अजून एक राहिलं. फेब्रुवारीत तू एकदा म्हणाला होतास, मलाही पासवर्ड दे, कामावर बसल्या बसल्या मीही बघत जाईन. मी काय म्हणाले ते तुला आठवतं का, मला माहीत नाही. मला आठवतं. "तुला काय कळणार त्यातलं?" तू नववीत शाळा सोडलीस ती माझ्या क्लाससाठी, असं आई म्हणते. तू कधी म्हणाला नाहीस.

मेघना


काळाचौकी
रविवार, २६ ऑक्टोबर

दादा,

वहिनीचं कार्ड आलं. "तुमची पत्रं त्यांनी वाचली. नारळ पाडायला गेले. अजूनही म्हणतात, मार्चमध्ये गेलो असतो तर बोर्डावर दिसलं असतं." खाली प्रिती, आणि त्याखाली लहान अक्षरात, "मला पत्र लिहू नका."

मी एवढं सगळं लिहिलं आणि तू अजून बोर्डावरच आहेस. मला राग आला. मग वाटलं, राग यायला माझ्याकडे काय उरलंय?

दिवाळीच्या आधीचं एक सांगायचं आहे. बाबा म्हणाले, तू कायम झालीस त्याची साडी राहिली आहे. मला हिंदमाताला घेऊन गेले. चार दुकानं फिरवली. पाचव्यात एक मोरपंखी घेतली. मला ती नको होती, पण नको म्हणायची माझी पद्धत मला आता चांगली माहीत आहे, म्हणून गप्प बसले. बिल करताना काउंटरवरचा माणूस म्हणाला, "काका, मेल आयडी सांगा, ऑफर कळवतो."

मी म्हणाले, "नको, देऊ नका बाबा."

"कित्या नको?" म्हणाले, आणि ताठ उभे राहिले. "घ्या लिवून. के, यू, एस, एच, ए, बी, ए. मग टिंब." तो माणूस हसू दाबत होता. बाबांना कळलं नाही. "एम, आय, डबल एल. माझा चेडू बघता सगळा. ऑफिसात ह्याच काम करता ता. इंग्रजी मेल असो, कायव असो, तिच्या नजरेतसून सुटाचा नाय."

बाहेर आल्यावर पिशवी त्यांनीच धरली. रस्ता ओलांडताना माझ्या कोपराला हात लावला, लहानपणी लावायचे तसा. म्हणाले, "निलेशान तुझ्या निम्म्यान जरी लक्ष दिलंला आसता."

मी काय केलं ते विचार. मी म्हणाले, "सिग्नल सुटला, चला."

मेघना


काळाचौकी
रविवार, ९ नोव्हेंबर

दादा,

शुक्रवारी अर्धा दिवस रजा टाकून घरांच्या कार्यालयात गेले. आधी बोर्ड बघितला. आत शिरताना डाव्या हाताला, काचेच्या कपाटात. मग प्रतीक्षा यादीच्या टेबलावर गेले. तिथे कमल नावाच्या बाई आहेत, पन्नाशीच्या, चष्मा दोरीला. मी विचारलं, प्रतीक्षा यादीची बोलावणी बोर्डावर कधी लागतात?

"लागत नाहीत."

"मार्चमध्ये?"

"मार्चमध्ये नाही, मेमध्ये नाही, कधीच नाही. बोर्डावर फक्त मुख्य यादी. प्रतीक्षावाल्यांना मेल जातो. अर्ज भरताना सही केलीय ना, मान्य आहे म्हणून?"

सही बाबांची होती. फॉर्म मी भरला होता. ती अट मी वाचली होती आणि तरी, दोन्हीकडून बघितलेलं बरं, म्हणून तुला दर महिन्याला तिथे पाठवत होते.

म्हणजे दादा, तू मार्चमध्ये गेला असतास तरी तुला काही दिसलं नसतं. त्याआधीच्या सगळ्या सोमवारीही काही दिसणार नव्हतं. हे मी कमलबाईंना दोनदा विचारून घेतलं. दुसऱ्यांदा त्या चिडल्या. बोर्ड तू आता सोड.

मग मी विचारलं, मुदत चुकली तर काही करता येतं का. येतं. अर्जदाराने फेरविचाराचा अर्ज द्यायचा, का आला नाही त्याचं खरं कारण लिहून, पुराव्यासकट. सुनावणी असते. पुढची सुनावणी सोमवारी, २४ नोव्हेंबरला, अकरा वाजता. अर्ज त्याच दिवशी हातात आणला तरी चालतो. यादीतली आणखी दोन घरं मोकळी आहेत. त्यानंतर हा टप्पा बंद.

"कारण काय लिहिणार?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. सगळं, चौकोनावरच्या टिचकीसकट. त्या ऐकता ऐकता फायलीला नाडी बांधत होत्या.

"अहो, असं कोण लिहितं? तांत्रिक कारण लिहा. सगळे तेच लिहितात. नाहीतर आजारपण. वडील आजारी नसतात का अधूनमधून?"

"तांत्रिक कारणाने मिळतं घर?"

"कधी मिळतं, कधी नाही. पुरावा असला तर बरं पडतं. पण पुरावा जोडलात की मग त्यात लिहिलंय तेच कारण लिहावं लागेल." मग चष्म्यावरून बघितलं. "सही अर्जदाराची. अर्ज त्यांना आधी वाचून दाखवायचा. आणि सुनावणीला तेच बोलणार, तुम्ही नाही."

म्हणजे बाबांना आधी सगळं कळायला हवं, आणि मग त्यांनी चार माणसांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं की माझ्या मुलीने बोलावणं कचऱ्यात टाकलं. ह्याशिवाय पुरावा जोडता येत नाही. नोंद जोडली नाही तर घराची जी थोडी शक्यता आहे, ती जवळजवळ जाते.

आणि नोंद ऑफिसच्या नावावर आहे. ती खरी आहे असं पत्र हर्षवर्धन सरांनी द्यायला हवं. काल त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सांगितलं, अहवालातलं शून्य खोटं आहे, तिथे एक पाहिजे.

सर हसले, अगदी चांगल्या माणसासारखे.

"एकच ना? अगं, एक म्हणजे जवळपास शून्यच."

मी म्हणाले, "तो एक आमचा होता."

"ते वाईट झालं. खरंच वाईट झालं. पण ही सेवा आपण अकरा दवाखान्यांना बसवली आहे. अहवाल आता बदलायचा नाही. तुला पत्र हवं तर देतो, पण त्यात लिहीन की सेवेचा दोष नाही, वापरणाऱ्याची चूक."

मी म्हणाले, तसंच लिहा. तसंच आहे.

त्यांना बहुतेक मी घासाघीस करेन असं वाटलं होतं. पत्र लगेच दिलं. नोंदीची प्रत देविकाने काढून दिली, दोन्ही ओळी अधोरेखित करून. 'बघ, म्हटलं होतं' असं म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी तिला विचारलं, त्या अकरा दवाखान्यांच्या नोंदी कोणी चाळल्या आहेत का. ती म्हणाली, "सोमवारपासून आपण दोघी चाळू. सरांना विचारायला नको."

मेघना


काळाचौकी
रविवार, १६ नोव्हेंबर

दादा,

आठवडाभर अर्ज माझ्या पर्समध्ये आहे. तीनदा लिहिला. पहिल्यात 'तांत्रिक कारणामुळे' असं आलं होतं. माझ्याच हाताने. फाडला. दुसऱ्यात लिहिलं, 'घरातील व्यक्तीकडून'. तोही फाडला. घरातील व्यक्ती म्हटलं की सगळे तुझ्याकडे बघतील. तिसऱ्यात माझं नाव आहे.

आईला कळलं आहे. मी सांगितलं नाही. काल ती माठ निवडत होती, मी समोर बसले होते, आणि एकाएकी म्हणाली, "निलेशाचा काय चुकला नाय ना?" मी मान हलवली. तिने देठ मोडले, जुडी पुरी केली. मग म्हणाली, "तुका बाबाची भीती नाय. तुका तुझी भीती. बाबा तुका वायट म्हणतीत, ता तुका सोसाचा नाय." मी म्हणाले, बाबांना धक्का बसेल. ती म्हणाली, "बसांदे. माझ्या झिलाक बसलो ना?"

त्यानंतर तिने मला भाजीचं पाणी टाकायला पाठवलं. अजून माझ्याशी नीट बोललेली नाही.

मेलचं सांगते, कारण तेही ठरवायचं होतं. चाचणीतली ती दुसरी सेवा मी घरासाठी बंद केली. बाबांची पेटी आता तिसरीवर आहे, विचारून विचारून जीव नकोसा करणाऱ्या त्या सेवेवर. ती काही पुसत नाही. शंका आली की बाजूला ठेवते आणि आपण होय किंवा नाही म्हणेपर्यंत वाट बघते. रोज साधारण चाळीस विचारते. मी चाळीसच्या चाळीस उघडून वाचते. दुकानांसाठी वेगळा पत्ता केला आहे, तो बाबांना अजून पाठ नाही. कार्यालयाचा पत्ता मी 'नेहमी येऊ द्या' ह्या यादीत टाकला. यादीत तेवढा एकच पत्ता आहे.

पासवर्ड सोबतच्या वेगळ्या चिठ्ठीवर आहे. पासवर्ड कधी कागदावर लिहू नये असं मीच सगळ्यांना सांगत असते. लिहिला आहे. तू उघड किंवा नको उघडूस. तू उघडलीस तर मला कळेल, कारण तिथे कोण कधी आलं ते दिसतं. मी त्यासाठी बघत बसणार नाही, असं लिहिणार होते. बघेन.

तू परत ये असं मी लिहीत नाही. सुनावणीलाही ये म्हणत नाही. घर मिळालं तर ते बाबांना मिळेल, तुला त्याने जून परत मिळत नाही. आणि नाही मिळालं तर ते कोणामुळे, हे तेवढं खरं सांगितलं गेलेलं असेल. मला माफ कर असंही मी लिहिलेलं नाही, तू पुन्हा पत्रं वाचून बघ. सहा जुलैच्या पत्रात लिहिलं होतं, 'बाबांना माफ कर'. ते मी न थांबता लिहिलं होतं. तेच मला सगळ्यात जास्त आठवतं.

बाबांना एकट्यांना, खोलीत, दार लावून सांगायचं असं मी आधी ठरवलं होतं. त्यांना बरं वाटावं म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. पण तुला त्यांनी खोलीत, दार लावून काही म्हटलं नव्हतं. गॅलरीत म्हटलं होतं, सगळ्यांसमोर, गणपतकाकांचा पेढा हातात असताना. त्यामुळे तिथेच सांगायला हवं.

गणपतकाकांचं सामान गेल्या आठवड्यात गेलं. जुन्या खोलीची किल्ली द्यायला ते पुढच्या रविवारी येणार आहेत, सगळा मजला बाहेर असेल, आईने सगळ्यांसाठी पोहे करते म्हणून सांगितलं आहे. का सांगितलं ते मी तिला विचारलं नाही. बाबा दाढी करून नेहमीच्या जागी, कठड्यापाशी बसतील. मी अर्ज वाचून दाखवेन, पहिल्या ओळीपासून, माझ्या नावासकट, आणि तुझ्या बोर्डावर कधीच काही लागणार नव्हतं हे कमलबाईंच्या शब्दांत सांगेन. मग सहीसाठी पेन त्यांच्यापुढे ठेवेन. ते सही करतील की नाही ते मला माहीत नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर, सकाळी दहा वाजता.

मेघना